पाती उडताना कमी, बॅगेत जास्त वाकतात

ड्रोनच्या गप्पा निघाल्या की लोक कॅमेऱ्याचं बोलतात, बॅटरीचं बोलतात, वाऱ्याचं बोलतात. पात्यांचा विषय निघतो तो ड्रोन कशाला तरी धडकल्यावरच. मी घडीचा छोटा ड्रोन उडवते, २४९ ग्रॅमवाल्या जातीचा, आणि पोटापाण्यासाठी एका टूलरूममध्ये तपासणीचं काम करते. दिवसभर व्हर्नियर, डायल गेज अशी बारीक मापं घ्यायची साधनं हातात असली की कुठल्याही वस्तूकडे संशयाने बघायची खोड लागते. त्या खोडीतून माझं एक पक्कं मत झालंय. या ड्रोनची पाती उडताना खराब होतात त्याहून जास्त बॅगेत पडून खराब होतात. फांदीला लागून तुटलेलं पातं निदान दिसतं तरी. बॅगेत वाकलेलं पातं चट्कन लक्षात येत नाही आणि माणूस ते लावून खुशाल उडवत राहतो.

आधी पातं नीट बघू. माझ्या पात्यांचा नंबर ४७२६. पहिले दोन अंक दोन पाती मिळून होणाऱ्या पंख्याच्या व्यासाचे, ४.७ इंच, म्हणजे साधारण ११९ मिलिमीटर. पुढचे दोन पिचचे, २.६ इंच. हवा घट्ट असती आणि पंखा तिच्यात आटे पाडत शिरला असता, तर एका फेऱ्यात ६६ मिलिमीटर पुढे गेला असता, एवढाच त्याचा अर्थ. थोड्या मोठ्या घडीच्या ड्रोनवर ७२३८, ८३३० असे नंबर भेटतात, वाचायची रीत तीच. हे पिच पात्याच्या पिळात असतं. बुडाशी पातं चांगलंच तिरकं, टोकाकडे जाता जाता जवळजवळ आडवं. टोकाकडून बुडाकडे एक डोळा मिटून बघितलं की पीळ स्वच्छ दिसतो. पुढची कड जाडसर आणि गोलाई असलेली, मागची कड इतकी पातळ की उजेडासमोर धरली तर जवळजवळ आरपार दिसतं. या वस्तूची सगळी किंमत तिच्या आकारात आहे. आकार बिघडला की बाकी सगळं शाबूत असून उपयोग नाही.

आता थोडा हिशेब. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या, पण मला तो केल्याशिवाय करमत नाही. ड्रोन एका जागी तरंगतोय, चार मोटरी, प्रत्येकीवर दोन म्हणजे आठ पाती, २४९ ग्रॅम. प्रत्येक पात्याच्या वाट्याला ३१ ग्रॅम. मिनिटाला ९,००० फेरे धरले तर सेकंदाला १५० होतात आणि टोकाचा वेग येतो सेकंदाला ५६ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या घरात. पातं अर्ध्या ग्रॅमचं धरा, त्याच्या वजनाचा मध्य अक्षापासून ३ सेंटिमीटरवर धरा. या वेगाला ते बिजागरीतून बाहेर ओढलं जातं ते सव्वा किलोहून जास्त जोराने. उचलायचे आहेत ३१ ग्रॅम आणि ताणून धरणारी ओढ सव्वा किलोची. म्हणून तर घडीच्या पात्यांना कुलूप, खटका काही लागत नाही. मोटर फिरली की ती आपोआप उघडतात आणि ताठ होतात. आणि म्हणूनच एवढंसं पातळ प्लास्टिक हवेत न वाकता काम करतं.

बॅगेत ही ओढ नसते. बॅगेत पातं लुळं असतं आणि त्याच्यावर चार्जरचा कोपरा, रिमोटची कांडी, घाईत ओढलेली चेन, जे येईल ते टेकतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अंगठा अगदी हलका टेकवून बघा, दोनशे ग्रॅम सहज दाखवेल. पात्याला ३१ ग्रॅमची सवय, तेही फिरत असताना आणि सगळ्या लांबीवर वाटून आलेले. इथे त्याच्या किती तरी पट वजन एका ठिपक्यावर, आणि तेही काही सेकंद नव्हे, पुढच्या वेळी बॅग उघडेपर्यंत.

प्लास्टिक एकदा वाकवून सोडलं की परत येतं, हे खरं. पण वाकवून ठेवून दिलं की हळूहळू ते तसंच राहायला शिकतं. पुस्तकांनी भरलेली लाकडी फळी जशी काही महिन्यांत झोळ धरते आणि पुस्तकं काढली तरी पूर्ण सरळ होत नाही, तसं. याला क्रीप म्हणतात. जोर थोडा असला तरी वेळ भरपूर मिळाला की तो काम करतो, आणि उष्णता मिळाली की झपाट्याने करतो. हे घडायला प्लास्टिक वितळण्याच्या जवळपासही जावं लागत नाही.

माझ्या भाच्याकडे माझ्यासारखाच ड्रोन आहे. मध्यंतरी तो घेऊन आला. "मावशी, मागची डावी मोटर गेली वाटतं याची." लक्षणं त्याने नीट सांगितली. एका जागी तरंगताना एका कोपऱ्यातून बारीक शीळ येते, व्हिडिओत जमीन जेलीसारखी थरथरते, आणि थोडा वारा असला की मोटर कमाल वेगावर गेल्याची सूचना पडद्यावर येते. मी विचारलं, ड्रोन ठेवतोस कुठे? पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, ट्रायपॉडच्या मागे. म्हटलं, मोटर उघडायच्या आधी पाती बघू.

पद्धत सोपी आहे, कोणालाही करता येईल. बॅटरी काढायची, हे आधी. ड्रोन उघडून सपाट काचेवर ठेवायचा. मोटरच्या शेजारी जाडसर कागदाची एक पट्टी उभी करायची, पात्याचं टोक तिला जेमतेम घासेल न घासेल इतक्या अंतरावर. पहिलं पातं पूर्ण उघडून पट्टीसमोर आणायचं, बुडाशी बोट लावून हलकंच वर उचलायचं, म्हणजे बिजागरीतली ढिलाई निघून जाते, आणि टोक जिथे येतं तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मग हब, म्हणजे दोन्ही पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग, अर्धा फेरा फिरवून दुसरं पातं तसंच उचलून त्याच पट्टीसमोर. दोन्ही टोकं एकाच रेघेवर आली पाहिजेत. भाच्याच्या तीन मोटरींवर दोन रेघांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत होतं, ते चालतं. चौथीवर, म्हणजे ज्या मोटरवर त्याचा संशय होता तिथे, दुसरं टोक दोन मिलिमीटर वर. मग तेच पातं डोळ्यासमोर धरून टोकाकडून पाहिलं तर शेवटच्या बोटभर लांबीतला पीळच सैल पडला होता. पातं वरवर पाहिलं तर नवं कोरं. ओरखडा नाही, टवका नाही.

मोटरला काहीही झालेलं नव्हतं. बिघडलेलं पातं कमी उचलतं, तो कोपरा खाली जायला बघतो, आतला संगणक ड्रोन सपाट ठेवण्यासाठी तीच मोटर जास्त पळवतो. शीळ त्याची. शिवाय दोन पात्यांचा जोर सारखा नाही, म्हणून थरथर. वारा आला की आधीच पळणाऱ्या मोटरला आणखी पळायला जागा उरत नाही, आणि सूचना येते. हे सगळं एका सॅकच्या कप्प्यातून सुरू झालेलं. पात्याचं बाहेरचं टोक सगळ्यात वेगात फिरतं आणि उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे बराचसा भार टोकाकडचा भागच वाहतो. बॅगेत सगळ्यात आधी वाकतं तेही नेमकं टोकच. त्या मोटरची दोन्ही पाती बदलली आणि प्रकरण मिटलं. दोन्ही बदलायची, एक नाही. पाकिटातली पाती वजनाने जुळवलेली असतात. जुन्या सोबत्याशी नव्याची जोडी लावली की ते जुळवणं फुकट जातं.

आता ठेवायचं कसं. बहुतेक गोष्ट घडी घालतानाच ठरते, कव्हर, पट्टे हे सगळं नंतरचं. माझ्या ड्रोनमध्ये उघडताना आधी पुढचे हात, म्हणजे ज्यांच्या टोकाला मोटरी असतात ते दांडे, मग मागचे. घडी घालताना उलटं, आधी मागचे, मग पुढचे. सगळ्या ड्रोनमध्ये हाच क्रम असतो असं नाही, तुमच्या पुस्तिकेत चित्र असेल ते बघा. क्रम चुकला की हात अडतो, आणि अडलेल्या हाताला आपण जोर लावतो तो बहुतेक वेळा पात्यावर जातो. मागचे हात खालच्या बाजूला पोटाशी वळतात, त्यामुळे त्या मोटरींची पाती तळाला येतात. घडी घातलेला ड्रोन टेबलावर ठेवला की तो त्या पात्यांवर बसतो. ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. टेबलावर मिनिटभर ठेवला तर काही बिघडत नाही, पण कपाटात महिनाभर तसाच ठेवून वर रिमोटची पेटी रचली तर पाती वाकली म्हणून तक्रार करू नये. मी लांबच्या मुक्कामाला ड्रोन उताणा ठेवते, किंवा ज्या पेटीत त्याच्या अंगाच्या आकाराचा खळगा आहे आणि पात्यांच्या जागी पोकळी आहे अशा पेटीत.

पाती वळवताना दोन गोष्टी बघायच्या. एका मोटरची दोन्ही पाती एकाच दिशेला, एकमेकांना समांतर निजली पाहिजेत. कात्रीसारखी तिरपी राहिली तर वरचं खालच्याच्या कडेवर चढतं आणि नंतर वरून दाब आला की मागची पातळ कड तिथेच दबते. दुसरं, टोक ड्रोनच्या अंगाबाहेर डोकावता कामा नये. बाहेर आलेलं टोक चेनमध्ये सापडतं, नाहीतर पेटीच्या भिंतीला टेकून वळतं. पाती आतल्या दिशेला वळवली की ड्रोनचं अंगच त्यांचं कुंपण होतं.

मग प्रश्न येतो होल्डरचा. पाती बांधून ठेवायची साधनं दोन जातींची मिळतात. एक मऊ सिलिकॉनचा किंवा कापडी पट्टा, जो ड्रोनभोवती गुंडाळून पाती जागच्या जागी धरतो. दुसरं कडक प्लास्टिकचं कवच किंवा क्लिप, जी पात्यांवरून चढते. पट्टा हलका आणि सोयीचा, पण त्याचा गळा आवळायचा मोह होतो. पट्टा लावल्यावर ड्रोन डोळ्यांच्या पातळीला आणून पात्याकडे कडेने बघा. पातं ड्रोनच्या अंगाच्या गोलाईला चिकटून कमान धरत असेल, तर तुम्ही ते जपत नाही आहात, हळूहळू वाकवत आहात. पट्ट्याचं काम पातं फिरू न देणं एवढंच आहे. पकड बुडाजवळ हवी, जिथे पातं जाड आहे. टोक मोकळं हवेत असावं. कडक कवच चांगलं, पण ते नेमक्या तुमच्याच ड्रोनचं असलं तर. जवळपासच्या मापाचं कवच जोर लावून बसवलं की आतल्या कुठल्यातरी कडेने पात्याला टेकू दिलेला असतो, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

मी स्वतः काय वापरते? ईव्हीए नावाच्या मऊ, दबणाऱ्या फोमची एक पट्टी, सहा मिलिमीटर जाडीची. तिला ब्लेडने पात्यांच्या बुडाच्या मापाच्या खाचा पाडल्या आहेत आणि मागे वेल्क्रो शिवलंय. दिसायला गबाळी आहे. पण पातं खाचेत नुसतं बसतं, दाबलं जात नाही, आणि फोम स्वतः दबून जास्तीचा ताण खातो. तिला एक लाल फीत लावली आहे, हाताच्या बोटाएवढी लांब, समोरून लोंबणारी. होल्डर तसाच ठेवून मोटर सुरू केली तर पाती तुटतात, मोटर अडकून तापते, आणि हे घाईत कोणाकडूनही होऊ शकतं. विमानांच्या झाकणांना असतात तशा लाल फितीइतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

रबरबँड नको. पुष्कळ लोक लावतात, म्हणून मुद्दाम लिहितेय. रबर सतत ओढत राहतं, त्याचा ताण कमी होतो तोवर पात्याने वाक घेतलेला असतो. जुनं झालं की ते चिकट होतं नाहीतर तडकतं, आणि काढताना पुढची कड खरवडते.

उष्णतेचं थोडं. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं, डॅशबोर्डवर त्याहून जास्त. पात्याचं प्लास्टिक त्याने वितळत नाही, पण त्या वेळी पात्यावर जराही दाब असेल तर वर सांगितलेला क्रीप जोरात सुरू होतो. दाब नसलेलं पातं गाडीत तापून थंड झालं तर बहुधा काही होत नाही, घट्ट पट्ट्यातलं पातं त्याच दुपारी वळण धरू शकतं. तशीही बॅटरीसाठी ड्रोन तिथे ठेवूच नये. आणि एक गंमत. थ्रीडी प्रिंटरवर छापलेले होल्डर हौशी लोक एकमेकांना देतात. त्यातले बरेच पीएलए नावाच्या छपाईच्या प्लास्टिकचे असतात, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास स्वतःच मऊ पडतं. म्हणजे पाती धरणारा होल्डरच आधी वाकणार आणि जाताना पात्यांनाही सोबत नेणार. छापूनच घ्यायचा तर पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचा घ्यावा, तो ८० अंशांच्या आसपासपर्यंत दम धरतो.

सुट्या पात्यांची कथा वेगळी. ती ड्रोनला लावलेली नसतात म्हणून लोक त्यांना बॅगेच्या जाळीच्या खिशात कोंबतात, स्क्रू-ड्रायव्हरच्या सोबत. जाळीचा खिसा म्हणजे पाती वाकवायचं यंत्रच. मी सुटी पाती त्यांच्या मूळ पाकिटात ठेवते आणि पाकिटं एका कडक, सपाट पेटीत. चष्म्याची कडक पेटी छोट्या पात्यांना पुरते, शाळेतली पत्र्याची कंपासपेटीही चालते, फक्त तळाला फोमचा तुकडा घाला आणि आत दुसरं काही ठेवू नका. पेटीत पाकिटं आडवी. पाकीट एकदा फोडलं की त्यातली उरलेली पाती दुसऱ्या पाकिटातल्या उरलेल्यांशी मिसळायची नाहीत. एका दिशेने फिरणाऱ्या मोटरींची पाती वेगळी आणि उलट्या दिशेच्या मोटरींची वेगळी. छोट्या ड्रोनवर त्यातल्या एका जातीवर खुणेच्या रेघा असतात आणि तशाच रेघा ड्रोनच्या ज्या हातांवर आहेत तिथेच ती लागतात. चुकीच्या हाताला गेली तर ड्रोन उडायच्या ऐवजी जागच्या जागी कलंडतो. मी पाकिटावर मार्करने लिहिते. पात्यावर लिहीत नाही. मार्करमधलं द्रावण प्लास्टिकला काय करेल याचा प्रयोग मला माझ्या पात्यांवर करायचा नाही.

ज्यांची पाती दाबून-फिरवून निघतात अशा मोठ्या ड्रोनचे मालक मला विचारतात की ठेवताना पंखे काढून ठेवावेत का. काढले तर चालेल, पण घडी नीट घालून होल्डर लावला असेल तर गरज नाही. माझ्यासारख्या, पाती स्क्रूने बसणाऱ्या ड्रोनवर मात्र ठेवण्यासाठी पाती काढायची नाहीत, अजिबात नाहीत. ते स्क्रू अगदी बारीक आहेत, दर वेळी उघडले की आटे झिजतात आणि डोकं खराब होतं. पाती बदलायची तेव्हाच ते उघडायचे, घरी, टेबलावर, खाली पांढरं कापड पसरून. नव्या पाकिटात नवे स्क्रू येतात, त्यांच्या आट्यांवर निळा थर असतो. तो स्क्रू ढिला होऊ नये म्हणून. जुने स्क्रू परत लावून वर बाटलीतलं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे पकडून ठेवणारं द्रव, घालणं हा टूलरूममधल्या माणसाला सुचणारा पहिला उपाय, आणि इथे तो घातक आहे. ते द्रव धातूसाठी बनलेलं आहे. पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला ते लागलं की ताण असलेल्या जागी बारीक तडे पडतात, आणि पात्याच्या भोकाभोवती तर सगळा ताणच असतो. सव्वा किलोची ओढ आठवा. स्क्रू शेवटपर्यंत बसवायचा, आणि तरीही पातं बोटाच्या हलक्या धक्क्याने मोकळं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर काहीतरी तिरपं बसलंय, उघडून बघा.

तपासणी हा माझा धंदा, म्हणून यावर जरा जास्त बोलते. पातं बघायचं तर खिडकीजवळ. बुडाशी, भोकाभोवती, प्लास्टिक पांढुरकं पडलेलं दिसलं तर तिथे ते ताणलं गेलंय, पातं बाद. मागची पातळ कड टोकाकडून न्याहाळायची, तिथे लाट दिसली तर बाद. पुढच्या कडेवरची खाच डोळ्याला दिसत नाही, नखाला थोडीफार लागते, पण सगळ्यात चांगली सापडते ती कापसाला. कापसाचा सैल पुंजका घ्या आणि बुडापासून टोकापर्यंत कडेवरून अलगद ओढा. जिथे टवका आहे तिथे एखादा तंतू अडकून मागे राहतो. गवतातून, खडीवरून उडवलेल्या ड्रोनची पाती अशी बघा, आश्चर्य वाटेल इतके तंतू लटकतात. टवके मोठे दिसले तर पातं बदला. शिवाय एक न वापरलेला संच मी नमुना म्हणून बाजूला ठेवलाय. कामावर आम्ही मास्टर पीस ठेवतो तसा. शंका आली की जुनं पातं नव्याला चिकटवून उजेडासमोर धरायचं. दोघांच्या मधे फट कुठे दिसते ते बघायचं. नुसत्या आठवणीवर पिळाची तुलना कोणालाच जमत नाही, मलाही नाही.

पुसायला ओलसर मऊ कापड, फार तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात. उडून आल्यावर पुढच्या कडेवर चिलटं वाळून बसलेली असतात, ती लगेच पुसली तर निघतात. समुद्राकाठून आल्यावर बिजागरीच्या फटीतलं मीठ आणि वाळू आधी काढा, मगच घडी घाला, नाहीतर घडी घालतानाच वाळू भोक कुरतडते. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन यांना पात्याच्या जवळ येऊ देऊ नका. ओलं पातं पेटीत बंद करू नका, यापलीकडे दमटपणाची फारशी चिंता मी करत नाही.

वाकलेलं पातं गरम पाण्यात धरून सरळ करायची कृती बऱ्याच ठिकाणी सांगतात. विमानांची मॉडेलं उडवणारे जुने लोक नायलॉनचे पंखे पाण्यात उकळतात, हे खरं आहे. पण ते सरळ करायला नव्हे. कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, पाणी शोषलं की चिवट होतं, म्हणून ते उकळणं. आपल्या पातळ घडीच्या पात्याला ती कृती लावली तर वाक जाईलही कदाचित, पण पीळ मूळच्या मापावर आला की नाही हे मोजणार कशाने? तीच गोष्ट खाच सॅंडपेपरने घासण्याची. लोखंडाची कड असती तर मी स्वतः घासून दिली असती. इथे घासल्याने वजन कमी होतं, जोडी बिघडते, आणि पुढच्या कडेची गोलाई जाते ती वेगळीच. पाती ही वापरून संपणारी वस्तू आहे, बनवणारेही तसंच सांगतात.

उडताना लावायच्या जाळीदार गार्डबद्दल दोन वाक्यं, कारण लोक त्यांची गल्लत करतात. ते माणसांना आणि भिंतींना वाचवायला आहेत, ठेवताना काढून ठेवायचे, कारण घडीच्या ड्रोनवर ते लावून घडीच होत नाही. आणि २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर ते चढवले की वजन २५० ग्रॅमची हद्द ओलांडतं. अनेक देशांत त्या हद्दीपलीकडे नियम बदलतात, ते आधी बघून घ्या.

बाद झालेल्या पात्यांचं मी एकच करते. कात्री घेऊन प्रत्येक पातं मधोमध कापते आणि प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकते. भाच्याने त्या दिवशी काढलेली दोन्ही पाती उचलून खिशात घातली होती. "मावशी, राहू देत की. अडीअडचणीला होतील." अडीअडचणीलाच तर ती लावली जातील, म्हणून मागून घेतली आणि त्याच्या समोर कापली.